इस्त्री गरम, डोकं थंड

वीकेण्ड आला की आपल्यापैकी निम्म्या लोकांना ‘काहीतरी क्रिएटिव्ह’ करायची हुक्की येते. कुणी केक करतं, कुणी बाल्कनीतल्या कुंडीत कोथिंबीर पेरतं आणि कुणी ट्रान्सफर पेपरचं पाकीट घेऊन घरी येतं. भाच्याच्या वाढदिवसाचा टी-शर्ट, ट्रेकच्या ग्रुपसाठी एकसारख्या पिशव्या, मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला द्यायचे रुमाल... यादी मोठी आहे. आयडिया तर एकदम सोपी. घरच्या प्रिंटरवर चित्र छापा, कापडावर ठेवा, इस्त्री फिरवा, झालं! प्रत्यक्षात मात्र रात्री साडेअकराला तुम्ही अर्धवट चिकटलेल्या पापुद्र्याकडे बघत बसलेले असता आणि वाढदिवस उद्या सकाळी असतो.

गंमत म्हणजे यात बिघडण्याचे प्रकार फार थोडे आहेत. तेच तेच, पुन:पुन्हा. एकदा कारण कळलं की पाकिटातला दुसरा कागद फुकट जात नाही.

पहिला घोटाळा दुकानातच होतो. हा कागद दोन जातींचा असतो: फिक्या कापडाचा आणि गडद कापडाचा. फिक्या कापडाच्या कागदावरचा थर पारदर्शक असतो. म्हणजे चित्रात जिथे पांढरा रंग आहे तिथे काहीच छापलं जात नाही, कापडाचाच रंग दिसतो. पिवळ्या टी-शर्टवर पांढरा ससा काढायला गेलात तर ससा पिवळाच होणार. हा कागद पालथा ठेवून इस्त्री करायची असते, त्यामुळे चित्र आधी आरशातल्यासारखं उलटं छापावं लागतं. गडद कापडाच्या कागदावरचा थर पांढरा आणि अपारदर्शक. त्यावर चित्र सुलटंच छापायचं, मागचा कागद सोलून काढायचा, चित्र वर ठेवून झाकायचं आणि मग इस्त्री. दोन्हींच्या पद्धती बरोबर एकमेकींच्या विरुद्ध, त्यामुळे सवयीने हात चालवला की फसगत ठरलेली.

आपल्या देवनागरीत इथे एक खास सापळा आहे. रोमन अक्षरं उलटी झाली की लगेच खटकतात. देवनागरी मात्र आरशात धरली तरी शिरोरेषा वरच राहते, त्यामुळे स्क्रीनवर घाईत बघताना सगळं ठीकठाक वाटतं. म्हणून प्रिव्ह्यूवर विश्वास ठेवू नका. आधी साध्या कागदावर छापा, तो खिडकीच्या काचेवर उजेडाकडे धरा आणि मागच्या बाजूने वाचा. मागून नीट वाचता आलं तरच महागाचा कागद प्रिंटरमध्ये घाला.

आणि हो, कुठल्या प्रिंटरमध्ये? बाजारात मिळणारे घरगुती कागद बहुतेक इंकजेटसाठीचे असतात. ‘ऑफिसमध्ये कलर लेझर आहे, लंच टाइममध्ये पटकन काढून घेते’ हा विचार मनात आला असेल तर तिथल्या तिथे सोडा. लेझर प्रिंटरच्या आत टोनर वितळवणारे तापलेले रोलर असतात. इंकजेटच्या कागदावरचा थर त्या उष्णतेने वितळून रोलरला चिकटतो. मग अॅडमिनवाल्यांना काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा! लेझरसाठीचा कागद वेगळा मिळतो, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझी एक कलीग. तिची धाकटी बहीण नोकरीसाठी कॅनडाला निघाली होती. आई जाऊन दोन वर्षं झालेली. आईच्या हातचा म्हणून उरलेला एकच कागद घरात होता, गोड्या मसाल्याच्या प्रमाणाचा. धणे किती वाट्या, दगडफूल किती, नागकेशर किती आणि खाली ‘खोबरं शेवटी भाजणे’. कोपऱ्यात तेलाचा डाग. तो कागद बहिणीला द्यायचा की आपण ठेवायचा, हा प्रश्न दोघींनाही एकमेकींसमोर काढवत नव्हता. म्हणून हिने ठरवलं, आईचं अक्षर किचन नॅपकिनवर उतरवायचं. अब्दुल रहमान स्ट्रीटवरून पाच कागदांचं पाकीट आणलं. शुक्रवारी रात्री तिचा फोन आला तेव्हा तीन कागद संपले होते आणि फ्लाइट रविवारी रात्रीची होती.

शनिवारी सकाळी मी तिच्याकडे गेले. तिन्ही ‘पेशंट’ ओट्यावर मांडून ठेवलेले. पहिल्यावर आईचं अक्षर उलटं आलेलं. वर सांगितलं ते शिरोरेषेचं प्रकरण. दुसऱ्यावर मधली अक्षरं छान बसलेली, पण कडा सुटलेल्या आणि जागोजागी वाटाण्याएवढे ठिपके न चिकटलेले. तिसऱ्यावर सगळं चिकटलं होतं, पण पिवळट पडलेलं.

‘अगं, इस्त्री फुल्ल ठेवली होती, तरी असं का?’ तिने विचारलं.

दुसऱ्याचं उत्तर तिच्या इस्त्रीच्या तळाला होतं. महागातली, भरपूर भोकांची स्टीम इस्त्री. जिथे वाफेचं भोक, तिथे उष्णताही नाही आणि दाबही नाही. ते ठिपके म्हणजे त्या भोकांचा नकाशाच होता! त्यात टाकीत पाणी शिल्लक. वाफ हा ट्रान्सफरचा शत्रू नंबर एक, कारण कापडातला ओलावा आधी उष्णता खातो आणि वाफ होऊन बाहेर पडताना थराला कापडापासून उचलतो. या कामाला आपली साधी, सपाट तळाची, साडेसातशे किंवा हजार वॉटची बिनवाफेची इस्त्री सरस. फक्त ती कापडावर दाबली की थोडी निवते, म्हणून अधूनमधून उचलून पुन्हा दिवा विझेपर्यंत तापू द्यायची.

दुसरी गोष्ट, इस्त्रीचं टेबल. त्यावरचा फोम मऊ असतो, आपण कितीही जोर लावला तरी तो दबतो आणि आपला दाब गिळून टाकतो. कडा सुटतात त्या यामुळे. मग ओट्यावर करायचं का? तेही नको. ग्रॅनाइट कडक असतं खरं, पण उष्णता शोषून घेतं. डायनिंग टेबलच्या सनमायकाला फुगे येऊ शकतात. मी तिला विचारलं, ‘घरात पाट आहे?’ लाकडी, बसायचा पाट. माळ्यावर होता. तो जमिनीवर ठेवला, त्यावर जुनी सुती चादर दोनच पदरी घालून अगदी सपाट केली. जमिनीवर गुडघे टेकून वरून इस्त्री दाबली की हाताचा नाही, खांद्यांचा भार पडतो. कारखान्यात हीट प्रेस जे करतं, त्याच्या जवळपास जाण्याचा घरातला हाच मार्ग.

तिसऱ्याचा पिवळेपणा सरळ होता. दुसरा चिकटला नाही म्हणून तिने तिसऱ्यावर इस्त्री एकाच जागी दाबून ठेवली. इस्त्रीवरची तीन टिंबं म्हणजे साधारण २०० अंश सेल्सिअस. सुती कापड ते थोडा वेळ सोसतं, पण वेळ लांबला की कापडही करपतं आणि थरही. कमी पडलेला दाब जास्त उष्णतेने भरून निघत नाही, हे लक्षात ठेवलंत तरी अर्धे कागद वाचतील.

आता उरले दोन कागद. मी आधी नॅपकिनच रद्द करायला लावला. कारण एकच. नॅपकिनने कधी ना कधी कुणीतरी गरम कढई धरणार, थर पुन्हा वितळणार आणि कढईला चिकटणार. त्याऐवजी एप्रन. तिच्याकडे मांजरपाट होतं, कोरं. पण कोऱ्या मांजरपाटाला भरपूर खळ असते आणि खळीवर थर बसतो तो कापडावर नाही, खळीवर बसतो. पहिल्या धुण्याला खळ निघाली की अक्षरंही निघाली! म्हणून कापड गरम पाण्यात साबणाने दोनदा खळबळून धुतलं. कम्फर्टसारखं काहीही न घालता, कारण कापड मऊ करणारी ती द्रव्यं धाग्यांवर निसरडा लेप सोडतात. दुपारपर्यंत कडक उन्हात वाळवलं. पावसाळ्यात तुम्हाला ही चैन मिळणार नाही. तेव्हा ट्रान्सफरच्या आधी त्या जागेवर नुसती इस्त्री फिरवून ओल घालवा. तशी ती कोरड्या दिवसांतही फिरवावीच.

स्कॅनिंगवर आम्ही बराच वेळ घालवला. मूळ कागद ३०० डीपीआयवर स्कॅन करून लगेच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दुसऱ्या खोलीत ठेवला. इस्त्रीच्या आसपास मूळ कागद असता कामा नये, हा माझा हट्ट. मग अक्षर गडद केलं, मागचा पिवळसर रंग पांढरा केला. तेलाचा डाग पुसायचा का, यावर जरा चर्चा झाली. सॉफ्टवेअरमध्ये तो एका क्लिकवर जात होता. ती म्हणाली, ‘राहू दे.’ मलाही तेच वाटत होतं.

छापल्यावर शाई अर्धा तास वाळू दिली. घरगुती शाई दोन प्रकारची असते: डाय आणि पिगमेंट. साध्या कागदावरच्या प्रिंटवर पाण्याचा थेंब टाकून बघा. शाई पसरली तर ती डाय, आणि धुताना तिचे रंग सुटण्याचा धोका जास्त. तिच्या प्रिंटरची काळी शाई पसरली नाही, हे नशीब. मग कागद कापताना मजकुराच्या अगदी जवळून आणि कोपरे गोल करून कापला. हे गोल कोपरे दिसायला किरकोळ, पण काटकोनातला कोपरा सगळ्यात आधी उचकटतो. शिवाय पारदर्शक थर जिथे कोरा राहतो तिथे कापडावर पुसटशी चमक दिसते, ती जितकी कमी तितकं बरं.

इस्त्री मधून सुरू करून कडांकडे, हळूहळू, आणि प्रत्येक कडेला थोडा जास्त वेळ. पूर्ण ए-फोर कागदाला दोन-तीन मिनिटं सहज लागतात. नेमका आकडा पाकिटावरचाच पाळा. तसंच सोलण्याचं. काही कागद गरम असतानाच सोलायचे असतात, काही पूर्ण गार झाल्यावर. गार सोलायचा कागद गरम असताना ओढलात तर अर्धं चित्र हातात येतं. तिचा कागद गार सोलायचा होता. ती दहा मिनिटं तिने अक्षरशः हात मागे बांधून काढली! सोलताना ‘दगडफूल’मधला ‘ल’ जरासा उचलला गेला. घाई न करता कागद परत खाली बसवला, त्या जागेवर पुन्हा इस्त्री दाबली, पुन्हा गार होऊ दिलं. आला.

पाचवा कागद तिने वापरला नाही. म्हणाली, माझ्या एप्रनसाठी नंतर. मूळ कागदाचं काय ठरलं ते मी विचारलं नाही.

काहींना हा चमकदार थर आवडतच नाही, त्यांच्यासाठी एक जुनी ट्रिक. झेरॉक्सचं टोनर म्हणजे प्लास्टिकची बारीक भुकटी, जी उष्णतेने मऊ होते. मजकुराची उलटी, गडद झेरॉक्स काढा, कापडावर पालथी ठेवून कडक इस्त्री दाबा. पुसट रेघ उमटते. नुसती ठेवायला ती पुरत नाही, पण तिच्यावरून साखळी टाका घालायला भरपूर झाली. वेळ लागतो, पण धुण्याची भीती कायमची जाते. खरं सांगायचं तर हस्ताक्षरासाठी मला हाच प्रकार जास्त आवडतो. त्या दिवशी हातात वेळ नव्हता एवढंच.

ऑफिसच्या क्रिकेट टीमच्या जर्सींबद्दलही एकदा विचारणा झाली होती. त्या पॉलिएस्टरच्या, तिथे तीन टिंबांची इस्त्री नकोच, कापडच वितळेल. पॉलिएस्टरसाठी सब्लिमेशन असतं आणि तेच सब्लिमेशन सुती कापडावर टिकत नाही. पंधरा-वीस नग हवे असतील तर सरळ डीटीएफ प्रिंट करून देणारा गाठा. घरच्या इस्त्रीवर वीस टी-शर्ट म्हणजे छंद नाही, शिक्षा.

ताणणाऱ्या कापडावर, म्हणजे लायक्रा किंवा उभ्या रेघांच्या रिबवर, भेगा पडणारच. थर तेवढा ताणत नाही. गडद कापडाचा थर जाड असल्याने त्याला आणखी लवकर. त्या कागदाला झाकायला बेकिंगसाठी मिळणारा सिलिकॉनचा कागद घ्या, मेणकागद नको, मेण वितळून कापडात जातं. आणि झाकायचं विसरून थर इस्त्रीलाच चिकटला, तर कागदावर जाडं मीठ पसरून त्यावर तापलेली इस्त्री घासा, बराचसा निघतो.

पहिली धुलाई २४ तासांनंतरच. मग गार पाण्यात, कपडा उलटा करून, सावलीत वाळत घालायचा. ड्रायर नाही, ब्रश नाही. कोपरा सुटलाच तर ओढू नका, झाकून पंधरा-वीस सेकंद इस्त्री दाबा. इस्त्रीला कपडे देताना मात्र हा एप्रन किंवा टी-शर्ट गठ्ठ्यातून बाहेर काढा, किंवा उलटा करून द्या आणि इस्त्रीवाल्या काकांना तोंडी सांगून ठेवा. कोळशाच्या इस्त्रीला रेग्युलेटर नसतो.