थर रचणारे आणि थर पाहणारे

१६ ऑगस्ट २०२५. गोपाळकाल्याच्या दिवशी ठाण्याच्या वर्तकनगरात जोगेश्वरीच्या कोकणनगर गोविंदा पथकाने दहा थर रचले आणि विश्वविक्रम नोंदवला. २०१२ मध्ये जोगेश्वरीच्याच जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थरांचा ४३.७९ फुटांचा मनोरा उभारून गिनीज बुकात नाव कोरले होते. मधल्या काळात थरांच्या उंचीचा आणि बालगोविंदांच्या वयाचा प्रश्न न्यायालयात गेला, तर २०२२ मध्ये राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. या पथकांतील तरुणांच्या शिस्तीचे आणि धैर्याचे कौतुक करावे तितके थोडेच. गुरुपौर्णिमेपासून रात्री-रात्री चालणारा त्यांचा सराव हे सांघिक जीवनाचे उत्तम शिक्षण आहे.

प्रश्न आहे तो थर पाहणाऱ्यांचा. लाखांची पारितोषिके, प्रायोजकांचे फलक, ध्वनिवर्धकांच्या भिंती आणि हात उंचावून भ्रमणध्वनीवर चित्रण करणारी गर्दी, असे आजच्या उत्सवाचे रूप आहे. स्पेनमधील कॅटालोनियातही मानवी मनोरे रचण्याची परंपरा आहे. युनेस्कोने २०१० मध्ये तिला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथे मनोऱ्याच्या पायथ्याशी गावातील साधे नागरिकही येऊन खांदा देतात. आपल्याकडे मात्र खांदा देणारे आणि बघणारे यांच्यामध्ये आता बांबूचे कुंपण असते.

निर्मात्यांची वसाहत

वर्तकनगरची मूळ ओळख बघ्यांची नव्हती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि शेजारच्या वागळे इस्टेटमध्ये कारखान्यांची रांग उभी राहिली. पोखरण रस्त्यावर रेमंडची गिरणी होती, कॅडबरीचा कारखाना होता. पाळी संपवून घरी परतणारा कामगार काहीतरी घडवून येत असे. म्हाडाच्या इमारतींतील खोल्या लहान होत्या, पण दारे दिवसभर उघडी असत. विरजण, वाटीभर साखर, आजाऱ्यासाठी रात्री रिक्षा आणणे, लग्नघरी पाहुण्यांना झोपायला खोली देणे, या सगळ्यांसाठी शेजार होता. त्या जीवनात टंचाई होती, भांडणेही होती. त्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. मात्र माणसाला माणसाची गरज होती आणि त्या गरजेतूनच समाज विणला जात होता.

पुढे गिरणी थांबली. २०१९ पासून रेमंडच्या जमिनीवर निवासी मनोरे उभे राहू लागले. पूर्व द्रुतगती मार्गालगत २००९ मध्ये कोरम आणि २०१३ मध्ये व्हिवियाना हे मॉल उघडले. जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला. मोठे घर, उद्वाहक, वाहनतळ या सोयी कष्टकरी कुटुंबांना मिळाल्या, तर त्यात वाईट काहीच नाही. पण घर मोठे होताना शेजार लहान का झाला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

त्याचे एक उत्तर असे की, शेजाऱ्याकडून मिळणारी प्रत्येक गोष्ट आता विकत मिळते. विरजण दहा मिनिटांत दारात येते. ते आणणारा तरुण कुठल्याशा वस्तीतला, कुणाचा तरी मुलगा असतो. त्याची फाटकावर नोंद होते, अनेक ठिकाणी त्याला वेगळ्या उद्वाहकाने पाठवले जाते, आणि पिशवी घेऊन दार बंद होते. त्याचे नाव पडद्यावर दिसते, तरी ते वाचले जात नाही. समरसतेच्या बैठकीत मान डोलावणाऱ्या घरांतही हेच घडते, हे कटू असले तरी सत्य आहे.

ग्राहक की समाज?

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी २२ ते २५ एप्रिल १९६५ या काळात मुंबईत एकात्म मानववादावर चार व्याख्याने दिली. समाज हा व्यक्तींनी केलेला करार नसून ती एक सजीव सत्ता आहे, असे त्यांनी मांडले. गरजेसाठी उत्पादन करण्याऐवजी उत्पादन खपवण्यासाठी गरजा निर्माण करणाऱ्या अर्थव्यवस्थेवर त्यांनी तेव्हाच बोट ठेवले होते. त्यांनी अर्थ आणि काम नाकारले नाहीत. त्यांना धर्माचे अधिष्ठान हवे, एवढाच त्यांचा आग्रह होता. चंगळवादाची खरी हानी खिशाला होते त्याहून अधिक नात्यांना होते. ग्राहकाला फक्त दुकानदार लागतो, शेजारी लागत नाही.

स्वदेशीचा विचार म्हणूनच वस्तूच्या वेष्टनावरील देशाच्या नावापाशी थांबता कामा नये. देशी कंपनीचे घड्याळ घेऊनही माणूस एकटा राहू शकतो. संघाच्या शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंचपरिवर्तनात सामाजिक समरसता, कुटुंबप्रबोधन आणि स्व-आधारित जीवनशैली शेजारी शेजारी आहेत, हा योगायोग नव्हे. यांतील एक सोडून दुसरे साधणार नाही.

काल्याची कथा घरोघरी ठाऊक आहे. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, श्रीकृष्णाने त्या एकत्र कालवल्या आणि सर्वांनी मिळून खाल्ल्या. कुणाची शिदोरी कोणती, हे उरले नाही. पुढच्या गोपाळकाल्याला वर्तकनगरातील एकेका इमारतीने आपल्या अंगणात असा काला करावा. प्रत्येक घरातून एक पदार्थ यावा. पहारेकरी, सफाई कर्मचारी, घरकाम करणाऱ्या भगिनी आणि त्या दिवशी पिशवी घेऊन आलेला तरुण, या सर्वांना नावाने बोलावून पंगतीत बसवावे. त्याला प्रायोजक लागत नाही. सर्वांत खालच्या थराने घट्ट उभे राहावे लागते, आणि तो थर प्रत्येक घराला आपल्या दारातच रचता येतो.