ट्रिपल फाइव्ह आणि "यात काय एवढं?"

मंडळी, आज जरा डोकं तापलंय. ताई, तू हे वाचशीलच. शेवटपर्यंत वाच, मगच फोन कर.

भाच्याची डिप्लोमाची तोंडी परीक्षा झाली. पठ्ठ्यानं महिनाभर खपून दोन ट्रिपल फाइव्ह टायमर घेऊन ब्रेडबोर्डवर फ्रिक्वेन्सी सिंथेसायझर केला होता. एक्स्टर्नल म्हणाले, "हे तर खेळणं! दहा ओळींच्या कोडमध्ये होतं." शेजारच्या पोराचा दुकानातून तयार आणलेला डबा मात्र 'अप टू डेट' ठरला. आता आमचे चिरंजीव म्हणतात, "मामा, इलेक्ट्रॉनिक्स सोडतो."

खेळणं काय? बघू या. पहिला टायमर सेकंदाला ८०० ठोके देतो, म्हणजे दर १.२५ मिलिसेकंदाला एक. दुसरा टायमर ठोका आला की एक पल्स काढतो, पण ती पल्स संपेपर्यंत नवा ठोका ऐकतच नाही. पल्सची लांबी १.१ गुणिले रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स. ०.१ मायक्रोफॅरडला १० किलोओहम लावा, १.१ मिलिसेकंद येतात. सगळे ठोके पार, ८०० हर्ट्झ. २० किलोओहमला एकाआड एक ठोका वाया, ४०० हर्ट्झ. ३० ला साधारण २६७. नॉब सलग फिरतो, पण सूर पायऱ्यांनी उतरतो! फ्रिक्वेन्सीला पूर्णांकानं भागणं... अहो, रेडिओतल्या पीएलएल सिंथेसायझरमध्येही असा भागाकार करणारा काउंटरच बसलेला असतो. अमेरिकेत फॉरेस्ट मिम्स यांनी दोन टायमरचं हे सर्किट १९८० साली छापलं, आणि ते आजही हौशी लोक जोडतात.

कबूल, ५५५ तितका अचूक नाही. तापमान बदललं की सूर हलतो. ट्रान्समीटरला क्रिस्टलच हवा. कोडशीही माझं वैर नाही, माझं पोट त्यावरच चालतं. पण परीक्षेत विचारायचं असतं ते "का चालतं?" हे. तो डबा उघडून हाच प्रश्न विचारला असता, तर कोण 'अप टू डेट' ते कळलं असतं. न विचारणारे परीक्षक आहेत, म्हणूनच तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानं चालतात.

हान्स कामेन्झिंड यांनी १९७१ साली आखलेली ही चिप पन्नास वर्षांनंतरही बनते आहे. साधं असणं हा गुन्हा नव्हे!

असो. भाचेबुवा, ब्रेडबोर्ड मोडू नकोस. रविवारी घेऊन ये, तिसरा टायमर जोडू. मामी कानांवर हात ठेवेल, पण जेवायला घालेल.