बाकं घेण्याआधी

जून जवळ आला की बऱ्याच गावांत जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी लोकवर्गणी निघते. पहिली मागणी बहुधा बाकांची. पोरं खाली बसली की शाळा गरीब दिसते, असं कुणीतरी म्हणतं आणि पावतीपुस्तकं छापून तयार होतात. गावकरी मंडळी, जरा थांबा.

दोनशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-दोन इयत्ता बसतात. पहिलीची पोरं चिंचोके मोजतात, दुसरीची गोष्ट वाचतात, बाई या गटातून त्या गटात फिरतात. जड लोखंडी बाकं आली की फिरायला वाट राहत नाही. गोल करून बसता येत नाही. मुलाला दिसते ती पुढच्याची पाठ, आणि शेजाऱ्याला काही विचारावं तर "बोलू नको" ऐकावं लागतं.

सातारा जिल्ह्यात कुमठे बीटमधल्या शाळांनी फरशीवरच अक्षरं, अंक, तक्ते रंगवले आणि पोरं गटागटाने त्यांवर बसून शिकू लागली. ते बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. त्याच्या कितीतरी आधी, १९४५ साली, ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मुलं जिथे असतील तिथे शाळा, एवढा साधा हिशोब.

तुमच्या शाळेतही फार खर्च न करता पुष्कळ होईल. भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा काळा रंगवा, म्हणजे प्रत्येकाला फळा मिळेल. पुस्तकं कपाटात कुलूपबंद नकोत, हात पोचेल अशा फळीवर ठेवा. मुलांनी केलेलं टांगायला एक दोरी बांधा. व्हरांड्याचं गळकं छप्पर नीट करा, की आणखी एक वर्ग मिळालाच. पावसाळ्यात फरशीला ओल येते, म्हणून बसायला जाड पट्ट्या घ्या.

बाकं नकोतच, असं नाही. वरच्या वर्गांना लिहायला टेबल लागतं. ज्या मुलाला खाली बसता येत नाही त्याला खुर्ची द्या, पण तो एकटा पडणार नाही, त्याचा गटही त्याच्याबरोबर वर बसेल, हे बघा.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे समितीचंच काम आहे. तेव्हा बैठकीला जा. काय हवं ते आधी बाईंना आणि गुरुजींना विचारा, मग वर्गणीचा आकडा ठरवा.

आणि बाकं घ्यायचीच ठरली, तर दुकानात चौथीतली दोन पोरं बरोबर न्या. त्यांना बाक उचलून हलवता आलं, तरच पैसे द्या.