मुख्य विषयापलीकडचे 32 क्रेडिट

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला 120 क्रेडिट लागतात. त्यांतले 9 बहुविद्याशाखीय विषयांना, 8 भाषांना, 9 कौशल्यांना आणि किमान 6 मूल्यवर्धित अभ्यासक्रमांना. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून अधिक. गुजरातने 2023-24 पासून ही वाट धरली आणि सुरतच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठातही ती आली.

बहुविद्याशाखीय गटात बारावीत शिकलेला विषय पुन्हा घ्यायचा नाही, ही अट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. सुरतच्या उधना-लिंबायतमधल्या मराठी घरातली वाणिज्य शाखेची मुलगी त्यामुळे पर्यावरण किंवा मानसशास्त्राच्या वर्गात बसू शकते. मात्र महाविद्यालयाकडे शिक्षक नसतील, तर निवड कागदावरच राहते. भाषेच्या 8 क्रेडिटचेही तसेच: घरी मराठी, बाहेर गुजराती बोलणाऱ्यांना कोणती भाषा मिळणार, हे तिथे कोण शिकवते यावर ठरते. या विषयांना ‘सोपे गुण’ समजणे तर सरळ नुकसानीचे आहे.

या अंकातले लेख नियमांपेक्षा वर्गातल्या अनुभवावर भर देतात. विद्यार्थी, पालक आणि प्राध्यापकांनी आपले अनुभव आम्हांला जरूर लिहून पाठवावेत.