दिले ते कोणाचे?

शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, हा आमच्या आईचा दंडक होता. घरात काही नसले तर चिमूटभर साखर घालून ती वाटी परत जाई. आहेराचीही एक वही होती. कोणी पातळ दिले, कोणी अकरा रुपये, सगळे तारीखवार. त्यांच्या घरी कार्य निघाले की आई ती वही काढून बसे.

पुढे बँकेच्या परीक्षेसाठी कायदा वाचताना ‘क्विड प्रो क्वो’ हा लॅटिन शब्दप्रयोग भेटला, तेव्हा मला ती वाटीच आठवली. अर्थ सरळ : एका गोष्टीबद्दल दुसरी गोष्ट. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये एका औषधाऐवजी दुसरे देण्यालाही हेच शब्द वापरीत. कायद्यात मात्र त्यांना प्रतिष्ठा आहे. आपला १८७२ चा करार कायदा सांगतो की, काही अपवाद सोडले तर प्रतिफलाशिवाय केलेला करार रद्दबातल. म्हणजे मोबदला घेण्यात वावगे काही नाही. बँका तर त्यावरच चालतात.

मग वर्तमानपत्रात हे शब्द आले की भ्रष्टाचाराचा वास का येतो? आपल्या ‘साटेलोटे’ची गत तीच झाली. मुळात ती सोयरीक होती. त्या घरची मुलगी करायची, आपली त्या घरी द्यायची. आज साटेलोटे म्हटले की डोळ्यांपुढे उभे राहतात ते कंत्राटदार आणि साहेब!

फरक कुठे पडतो, हे मला पुस्तकाने नाही शिकवले. १९९६ साली मी शाखाधिकारी होतो. मुलीला हव्या त्या शाळेत प्रवेश मिळत नव्हता. एका खातेदार व्यापाऱ्याच्या कानावर ते गेले. त्यांनी एक फोन केला आणि काम झाले. महिन्याभराने त्यांचा कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवण्याचा अर्ज माझ्या टेबलावर आला. कागदपत्रे चोख होती. मी त्याच दिवशी सही केली. पुढे ते खाते कधी थकले नाही.

त्याच गठ्ठ्यात पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका बाईंचा अर्ज होता. तोही चोख होता. त्याला तीन आठवडे लागले.

कोणी कोणाकडे काही मागितले नव्हते. तरी आज हिशेब मांडला की जमेची बाजू जुळत नाही. आईने वाटीत घातलेली साखर आईची होती. माझी सही माझी नव्हती, ती बँकेची, म्हणजे ठेवीदारांची होती. दुसरे असे की, आईची वही कोणीही उघडून पाहावी. तो फोन कुठल्याच वहीत नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरवली, तेव्हा याच लॅटिन शब्दांची पुन्हा चर्चा झाली. मोठ्या देणगीमागे मोबदल्याचा व्यवहार असू शकतो, म्हणून कोणी कोणाला किती दिले हे मतदाराला कळले पाहिजे, हा त्यातला एक मुद्दा. माझ्या भाषेत सांगायचे तर, वही उघडी ठेवा. कारण राजकीय पक्ष सत्तेवर असताना परतफेडीला जे देतो ते परवाने, कंत्राटे, सवलती. यांतले काहीच त्याच्या घरचे नसते.

मोठ्यांना बोल लावणे सोपे असते, म्हणून परवा ही शाळेची गोष्ट मी मुलीला प्रथमच सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “बाबा, तुमच्या सहीचं झालं. पण त्या वर्गात माझ्या जागी कोण बसणार होतं?”

इतक्या वर्षांत गिरणीवाल्या बाई मला अनेकदा आठवल्या. त्या मुलाचा विचार मात्र एकदाही मनात आला नव्हता.