तालमीला गुण नसावेत

पावसाळा ऐन भरात आला की पुण्यातल्या महाविद्यालयांत संध्याकाळी वेगळीच वर्दळ सुरू होते. बाके भिंतीला सरकवलेली असतात आणि मधल्या मोकळ्या जागेत पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिकेची तालीम चालू असते. महाराष्ट्रीय कलोपासक ही स्पर्धा १९६३ पासून भरवत आले आहे. तितकीच जुनी आहे ती घरोघरची तक्रार: 'नाटकबिटक पुरे, आधी अभ्यासाचं बघ!'

या तक्रारीमागे आईबापांची काळजी असते. तिला हसण्याचे कारण नाही. फी भरताना किती ओढाताण होते, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. पण काळजी करायचीच, तर ती दुसऱ्या बाजूनेही करावी लागेल, असे दिवस आले आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. शाळकरी मुलेही यात आली. राज्यांच्या यादीत पहिले नाव महाराष्ट्राचे होते. अखेर मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या प्रश्नासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमावे लागले.

अशा वेळी गाणे, चित्र, नाटक यांनी काय होणार? खऱ्या नैराश्यावर औषध डॉक्टरकडेच मिळते, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. पण आजार होण्याच्या अलीकडे एक मोठा टापू असतो. एकटेपणाचा, धास्तीचा, 'मला काहीच जमत नाही' या भावनेचा. तिथे कलेचा उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांवर अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा कला आणि आरोग्य यांचे नाते तिनेही मान्य केले. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातला २०१६ चा एक छोटा प्रयोग तर बोलका आहे. एकोणचाळीस प्रौढांना पाऊण तास चित्रे, मातीकाम, कोलाज असे हवे ते करू दिले. सुमारे पाऊणशे टक्के लोकांच्या लाळेतले ताणाशी निगडित कॉर्टिसॉल उतरले. प्रयोग लहान, म्हणून त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: चित्रकलेचा सराव असलेले आणि नसलेले, दोघांनाही सारखाच लाभ झाला.

म्हणजे गुण कलेच्या दर्जात नाही, करण्यात आहे. तालमीत नेमके काय होते ते पाहा. बीडहून आलेला, वसतिगृहात कुणाशी न बोलणारा मुलगा प्रकाशयोजनेच्या वायरी ओढू लागतो. आठ दिवसांत त्याला नावाने हाक मारणारी पंधरा माणसे होतात. तिथे चूक सर्वांसमोर होते, पुन्हा करून पाहता येते आणि तिची नोंद कुठल्याही गुणपत्रिकेत राहत नाही. समोरच्याचे वाक्य नीट ऐकल्याखेरीज आपले वाक्य बोलता येत नाही. हे शिक्षणच आहे. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकलेले श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे हे तिघेही आधी डॉक्टर झाले. नाटकाने त्यांची पदवी बुडवली नाही.

पण असे थोर दाखले देण्यात एक धोका असतो. आपले लक्ष मग चमकणाऱ्या दहा-बारा मुलांकडेच जाते. २०२२ साली परीक्षकांना एकही एकांकिका पुरुषोत्तम करंडकाच्या योग्यतेची वाटली नाही, तेव्हा केवढा गहजब झाला! स्पर्धेने दर्जा पाहावा, तो तिचा धर्मच आहे. मात्र ज्या हजारो मुलांची संघात निवडच होत नाही, त्यांचे काय? गाता न येणाऱ्याने गावे कुठे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने अभ्यास आणि अभ्यासेतर यांतली भिंत पाडायचे ठरवले. त्याला अनुसरून महाराष्ट्रात पदवीला कलांसाठीही श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, ठेवले आहेत. स्वागतच आहे. पण भीती अशी, की याचेही जर्नल होईल, सबमिशन होईल, वरच्या वर्गातल्या मुलाची फाइल उतरवून काढली जाईल. बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला क्रेडिट या शब्दाचा मूळ अर्थ ठाऊक असतो. क्रेडिट म्हणजे पत, भरवसा. तारण कितीही घेतले तरी भरवसा शेवटी माणसावरच ठेवावा लागतो. तोच इथे ठेवावा. हजेरी पुरे मानावी, क्रमांक लावू नयेत. वेळापत्रकात आठवड्याचे दोन तास आणि एक उघडी खोली द्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये कलावंत आणि कारागिरांना महाविद्यालयांत नेमण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. गावातला कुंभार, ढोलकीवाला, भजनी बुवा यांना बोलवायला ती आधाराला घेता येतील.

आणि घरच्यांनी? रविवारी मुलीला फोन लावतोच आपण. टेस्टमध्ये किती पडले, हे विचारायचे ते विचारूच. पण त्याआधी, 'या आठवड्यात काय काय केलंस, कुणाकुणाबरोबर केलंस?' एवढे विचारून उत्तर येईपर्यंत थोडे थांबायला काय हरकत आहे?