अक्षर बदलेल, विधान कसे बदलणार?

चिनी विकिपीडियाचा दाखला देऊन एक सोपा सिद्धान्त हटकून मांडला जातो : भाषेतील प्रादेशिक भेद हा केवळ तांत्रिक प्रश्न असून रूपांतराची सोय केली की तो सुटतो. आमच्या मते हा सिद्धान्त अर्धाच खरा आहे.

खरा भाग आधी पाहू. प्रारंभी एकाच विषयावर मुख्य भूमीच्या सुलभीकृत लिपीत एक आणि तैवान-हाँगकाँगच्या पारंपरिक लिपीत दुसरा, असे लेख लिहिले जात. कोश दुभंगण्याचीच ती वाट होती. २००४-०५च्या सुमारास स्वयंचलित रूपांतर आले. आता लेख एकच. वाचक आपला प्रदेश निवडतो आणि तिथली अक्षरे, तिथले शब्द वाचतो. हे काम सरळ नाही. सुलभीकृत लिपीत 'राणी' आणि 'नंतर' यांना एकच चिन्ह आहे, पारंपरिक लिपीत दोन. म्हणून यंत्राला सुटे अक्षर पाहून भागत नाही. सॉफ्टवेअरला मुख्य भूमीत 'रुआनचिएन' म्हणतात, तैवानात 'रुआनथी'. दोघांपैकी कोणालाही 'तुमचे अशुद्ध' असे ऐकावे लागत नाही. विद्यार्थ्यांच्या वह्यांत लाल रेघा ओढणाऱ्या आम्हा अध्यापकांनी यापासून जरूर शिकावे.

परंतु तैवान हा देश की प्रांत, याचे रूपांतर कोणत्या कोष्टकाने करणार? येथे शब्द बदलला की विधानच बदलते. म्हणून या कोशाला प्रदेशकेंद्री लेखन टाळण्याचा नियम करावा लागला. 'आपला देश' असे लिहायचे नाही. कारण हा 'आपला' नेमका कोणाचा? अशा नियमाने वाद मिटत नाही, फक्त वाद घालणाऱ्यांना एकाच लेखात थांबावे लागते.

तेथे थांबण्याची संधीही सर्वांना सारखी नाही. मुख्य भूमीत चिनी आवृत्ती २०१५पासून आणि सर्वच भाषांतील आवृत्त्या २०१९पासून बंद आहेत. तेथील लेखक आडवाटेने येतात. सप्टेंबर २०२१मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने मुख्य भूमीशी निगडित ७ सदस्यांवर बंदी घातली, १२ जणांचे प्रचालकाधिकार काढून घेतले, आणि त्यासाठी अन्य सदस्यांच्या सुरक्षिततेचे कारण दिले. रूपांतराचे यंत्र तेव्हाही बिनचूक चालू होते!

भाषा एक म्हणजे मत एक, हा भ्रम येथे कोणी बाळगू शकत नाही. मतभेदांसह एकच लेख लिहिण्याचे काम अखेर माणसांनाच करावे लागते. ते यंत्रावर सोपवून मोकळे होण्याला आम्ही बौद्धिक आळस म्हणतो.